सांगणं आणि विचारणं: अमेरिकन बोलण्यातल्या वर जाणाऱ्या सुराशी जुळवून घेताना

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी मंडळींची पहिली तक्रार ठरलेली असते: "फार भरभर बोलतात हो." वेगाची सवय होते, काही आठवडे जातात इतकंच. त्याहून चिवट अडचण दुसरीच आहे, आणि ती अडचण आहे हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. समोरचा माणूस आपल्याला काही सांगतोय की विचारतोय, याचाच पत्ता लागत नाही.

अपार्टमेंट भाड्याने घ्यायला गेलात की लीझिंग ऑफिसमधली मुलगी साधारण असं बोलते: "सो, रेंट इज ड्यू ऑन द फर्स्ट? अँड देअर्स अ ग्रेस पीरियड? टिल द थर्ड? अँड आफ्टर दॅट देअर्स अ लेट फी?" प्रत्येक तुकड्याच्या शेवटी सूर वर. नुकताच पुण्याहून आलेला विद्यार्थी गोंधळतो. हे ती मला का विचारतेय? तिलाच नक्की ठाऊक नाही का? भाडं कधी द्यायचं ते अजून ठरायचं आहे का? यातलं काहीच खरं नसतं. एक तारखेला भाडं, तीन तारखेपर्यंत सवलत, नंतर दंड, हे सगळं करारात छापलेलं आहे आणि तिने ते सरळसरळ सांगून टाकलेलं आहे. प्रश्नचिन्हं फक्त सुरात होती.

हा लेख त्या सुराबद्दल आहे. तो कसा ओळखायचा, त्याला काय प्रतिसाद द्यायचा, आणि आपल्या स्वतःच्या बोलण्यात त्याचं काय करायचं, या क्रमाने जाऊ. एक खुलासा आधीच करते. इथे "सूर वर जातो" म्हणजे आवाज चढतो असं नाही. मोठ्याने बोलणं वेगळं. पेटीवर खालच्या पट्टीवरून वरच्या पट्टीवर जावं तसा फक्त स्वर उंच होतो, आवाज तेवढाच राहतो.

पायरी १: आधी दोन गैरसमज बाजूला ठेवा

या लकबीला अपटॉक म्हणतात. ऑगस्ट १९९३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये जेम्स गॉर्मन यांचा लेख आला, त्यातून हे नाव रूढ झालं. ते तेव्हा विद्यापीठात शिकवत होते, आणि विद्यार्थ्यांचं ऐकून ऐकून आपलीही वाक्यं शेवटी वर जायला लागली अशी त्यांची थट्टेखोर कुरकुर होती. लकब अर्थातच नावापेक्षा जुनी. सिडनीतल्या लोकांच्या बोलण्यातल्या अशाच सुराचा सविस्तर अभ्यास १९८६ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

पहिला गैरसमज म्हणजे असं फक्त कॅलिफोर्नियातल्या तरुण मुलीच बोलतात. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सॅन फर्नांडो व्हॅली म्हणून भाग आहे. तिथल्या पोरींच्या, म्हणजे "व्हॅली गर्ल्स"च्या, नावावर १९८० च्या दशकात ही लकब चिकटली ती चिकटलीच. पण सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अमांडा रिचर्ट आणि अमालिया आर्व्हानिटी यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातच वाढलेल्या २३ तरुण-तरुणींचं बोलणं तपासलं आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. मुलींच्या बोलण्यात प्रमाण जास्त होतं, पण मुलगेही यातून सुटलेले नव्हते. पेनसिल्वेनिया विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ मार्क लिबरमन यांनी तर धाकट्या जॉर्ज बुश यांच्या भाषणांतून असे वर जाणारे शेवट दाखवून दिले होते. त्यांना व्हॅली गर्ल कोण म्हणणार? तेव्हा न्यू जर्सीतला पन्नाशीचा प्लंबर, टेक्ससमधली नर्स, मिनेसोटातला तुमचा मॅनेजर, कुणाच्याही तोंडून हा सूर ऐकायची तयारी ठेवा.

दुसरा गैरसमज अधिक नुकसान करणारा आहे: सूर वर गेला म्हणजे बोलणाऱ्याला खात्री नाही. या समजाला जुना आधार आहे. भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी १९७५ मध्ये बायकांच्या बोलण्याबद्दल लिहिताना जेवण कधी तयार होईल या प्रश्नाला "साधारण सहा वाजता?" असं वर जाणारं उत्तर उदाहरण म्हणून घेतलं होतं. उत्तर ठाऊक असलेली एकटी तीच, तरी समोरच्याची संमती मागते, असा त्यांचा अर्थ. त्या उदाहरणापुरता तो ठीक आहे. मात्र सिंथिया मॅक्लेमोर यांनी टेक्सस विद्यापीठातल्या विद्यार्थिनींच्या एका सोरोरिटीत, म्हणजे मुलींच्या निवासी मंडळात, बैठका ऐकल्या आणि १९९१ मध्ये प्रबंध लिहिला. तिथे वर जाणारा सूर भित्र्या नवख्या मुलींपुरता नव्हता. बैठक चालवणाऱ्या, अधिकार असलेल्या मुलीही घोषणा करताना तो मुद्दाम वापरत होत्या, कारण त्यामुळे ऐकणाऱ्यांचं लक्ष बांधून राहत होतं.

मला विचाराल तर या सगळ्याचं सार एवढंच: हा सूर उत्तर मागत नाही, हुंकार मागतो. आजी गोष्ट सांगताना मध्येच थांबून "हं म्हण की रे" असं म्हणायची ना, तेच काम इथे स्वर करतो. आपण मराठीत ते "ना", "बरं का", "कळलं ना" अशा शब्दांवर सोपवतो. "काल मी मंडईत गेले होते ना, तर तिथे आपली ती जोशीकाकू भेटली ना…" या "ना"ला कुणी उत्तर देतं का? "हं, मग?" एवढं पुरतं.

पायरी २: माहिती कुणाकडे आहे ते पाहा

शाळेतलं इंग्रजी व्याकरण सांगतं की प्रश्नात शब्दांचा क्रम उलटतो. "आर यू", "डिड शी", "कॅन वी" असं सुरू झालं की प्रश्न. ही खूण आधी तपासा, ती फुकट मिळते. आणि "व्हॉट", "व्हेअर", "व्हेन"ने सुरू होणाऱ्या प्रश्नांत अमेरिकन माणसाचा सूर बहुतेक वेळा खालीच जातो, वर नाही. हे पुष्कळांना माहीत नसतं. म्हणजे "व्हेअर आर यू फ्रॉम" खाली उतरूनही प्रश्नच असतो, आणि "आय एम फ्रॉम ओहायो?" वर जाऊनही विधानच.

खरी पंचाईत होते ती क्रम न उलटलेल्या वाक्यांत. "यू आर कमिंग टुमॉरो?" हे रचनेने विधान आहे, सूर वर आहे, आणि हा मात्र अगदी खरा प्रश्न आहे. मग "रेंट इज ड्यू ऑन द फर्स्ट?" यात आणि त्यात फरक काय?

इथे भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह आणि त्यांचे सहलेखक डेव्हिड फॅन्शेल यांनी १९७७ मध्ये मांडलेली एक साधी वाटणी कामाला येते. काही गोष्टी बोलणाऱ्याला ठाऊक असतात, काही ऐकणाऱ्याला, काही दोघांना. ऐकणाऱ्यालाच ठाऊक असलेली गोष्ट बोलणाऱ्याने विधान म्हणून उच्चारली, तर तो प्रश्न ठरतो. तुम्ही उद्या येणार की नाही हे तुम्हाला माहीत, मला नाही. तेव्हा मी "तुम्ही उद्या येताय" म्हटलं की तुम्ही हो-नाही सांगायचं. भाडं कधी द्यायचं हे ऑफिसातल्या मुलीला माहीत; तेव्हा तिचा सूर कितीही वर जाऊ दे, ती सांगतेय.

हे मनातल्या मनात करायला अर्धा क्षणही लागत नाही. वाक्य संपलं की स्वतःला विचारायचं: यातली माहिती माझ्या खिशातली की तिच्या? माझ्या खिशातली असेल तर उत्तर द्या. तिच्या खिशातली असेल तर हुंकार द्या. दोघांच्या असेल तर बहुधा ती आठवण करून देतेय, आणि तिथेही हुंकारच चालतो.

थोडा सराव करू. डेंटिस्टच्या रिसेप्शनवर: "युअर अपॉइंटमेंट वॉज अ‍ॅट नाइन?" तुम्ही साडेनऊला पोचला आहात. माहिती दोघांकडेही आहे, आणि यात हलकीशी टोचणी आहे. माफी मागा. बँकेत: "यू वॉन्ट टू ओपन अ चेकिंग अकाउंट?" माहिती तुमची; हो म्हणा. फार्मसीत: "यू टेक इट ट्वाइस अ डे? विथ फूड?" आता हे दोन्ही बाजूंनी असू शकतं. औषध नवीन असेल तर ती सूचना देतेय: दिवसातून दोनदा, खाण्यासोबत. जुनं असेल तर तुम्ही कसं घेता हे ती तपासतेय. इथे नुसत्या हुंकारावर सोडू नका. "ट्वाइस अ डे, विथ फूड, गॉट इट" असं परत म्हणून दाखवा, म्हणजे दोन्ही अर्थांनी काम होतं. औषध, पैसे आणि तारखा या तीन बाबतींत परत म्हणून दाखवण्याची लाज कधीच बाळगू नये.

पायरी ३: कान थोडा बारीक करा

हा टप्पा सगळ्यांना जमेलच असं नाही आणि तो वगळला तरी चालेल. संगीत शिकलेल्यांना मजा येईल.

सॅन डिएगोच्या त्या अभ्यासात दिसलं की विधानातला चढ आणि प्रश्नातला चढ एकसारखे नसतात. खऱ्या प्रश्नात सूर आधीपासून चढायला लागतो आणि जास्त उंच जातो. साध्या विधानात तो उशिरा सुरू होतो, अगदी शेवटच्या अक्षरांशी, आणि कमी उंच जातो. आणखी एक प्रकार म्हणजे "माझं अजून संपलेलं नाही, मध्ये बोलू नका" हे सांगणारा चढ. यात कधी कधी सूर वर जाऊन सपाट थांबतो. आपणही "मी घरी गेले, हातपाय धुतले, चहा टाकला…" असं म्हणताना प्रत्येक तुकड्याशी सूर वरच ठेवतो आणि शेवटच्या क्रियापदाला खाली आणतो. तो खाली येईपर्यंत कुणी मध्ये तोंड घालत नाही.

ऐकून पटत नसेल तर पाहता येतं. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी बनवलेला प्राट नावाचा प्रोग्राम मोफत मिळतो. फोनवर आपलंच बोलणं रेकॉर्ड करून त्यात टाकलं की स्वराची रेघ समोर उमटते. मोठ्या पुरुषाचा बोलण्यातला स्वर साधारण १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास असतो, बाईचा २०० च्या आसपास. आपली रेघ वाक्याच्या शेवटी कुठे जाते ते एकदा बघाच. मराठी माणसाला आपलं इंग्रजी ऐकताना संकोच होतो. रेघ बघताना तेवढा होत नाही.

पायरी ४: हुंकार द्यायला शिका

समोरच्याचा सूर वर गेला की तो क्षणभर थांबतो. ती फट तुमच्यासाठी आहे. तिथे "म्-हं", "राइट", "ओके", "शुअर" यांपैकी काहीतरी हळूच टाकायचं आणि त्याला पुढे जाऊ द्यायचं. "म्-हं" तोंड मिटूनच, दुसरा भाग जरा वर. हे अमेरिकेत सर्वात जास्त चालणारं नाणं आहे.

आपल्याकडून इथे दोन प्रकारच्या गफलती होतात. काही जण अगदी गप्प राहतात, कारण मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये "हं हं" करू नये असं घरी शिकवलेलं असतं, किंवा इंग्रजी ऐकण्यातच सगळं लक्ष गुंतलेलं असतं. मग समोरचा तेच वाक्य पुन्हा, अजून सोपं करून, अजून सावकाश सांगतो. त्याला वाटतं तुम्हाला कळलं नाही. तुम्हाला वाटतं तो तुम्हाला अडाणी समजतोय. दोघांचाही काही दोष नसतो, फक्त फट रिकामी गेलेली असते. दुसरे लोक प्रत्येक चढाला "येस, येस, येस" करत सुटतात. मुंबईत ते उत्साहाचं लक्षण. इथे "आटपा लवकर" असं ऐकू येऊ शकतं. आणि आपली ती डावीकडून उजवीकडे डुलणारी मान! तिचा अर्थ हो की नाही की कदाचित, हे इथे कुणालाही उमगत नाही. इथे मान वर-खालीच हलवा.

फोनवर मान दिसत नाही, हे लक्षात असू द्या. तिथे हुंकार आवाजातच द्यायला हवा, नाहीतर दोन चढांनंतर पलीकडून "हॅलो? आर यू देअर?" येतं.

हे सगळं पुण्या-हैदराबादच्या कॉल सेंटरमध्ये अमेरिकन गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्यांनाही तंतोतंत लागू आहे. "माय इंटरनेट्स बीन डाउन सिन्स ट्यूसडे?" हा प्रश्न नाही, तक्रार आहे. त्याला "येस सर, युअर इंटरनेट इज डाउन" असं उत्तर दिलं की गिऱ्हाईक भडकणारच. "ओह, सिन्स ट्यूसडे, आय एम सॉरी" म्हटलं की तो पुढचं आपणहून सांगतो.

हुंकाराचा अर्थ "पोचलं" असा होतो, एवढं मात्र विसरू नका. पोचलं नसेल तर देऊ नका. उलट ती फट विचारण्यासाठीच उत्तम: "सॉरी, ग्रेस पीरियड?" एवढेच दोन शब्द वर नेऊन म्हटले की समोरचा न कंटाळता समजावून सांगतो, कारण त्याने स्वतःच तिथे जागा सोडलेली असते.

पायरी ५: ऑफिसातला मऊ सूर हा हुकूम असू शकतो

नोकरी करणाऱ्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचावं.

मॅनेजर म्हणतो, "सो वी शुड प्रॉबब्ली हॅव दॅट बाय थर्सडे?" शब्द मऊ, "प्रॉबब्ली" आहे, सूर वर आहे. आपल्या कानांना वाटतं चर्चा चालू आहे, गुरुवार सुचवलाय, जमलं तर बघू. हिंजवडीतल्या ऑफिसात साहेब "गुरुवारपर्यंत पाहिजे" असं म्हणाला असता तर शंकाच नव्हती. पण या वाक्यात आणि त्या वाक्यात कामाच्या दृष्टीने तसूभरही फरक नाही. गुरुवार म्हणजे गुरुवार. त्याने फक्त तुमच्या अडचणीला तोंड उघडायला जागा ठेवली आहे. अडचण असेल तर त्याच क्षणी सांगायची: "थर्सडे इज टाइट, कॅन वी डू फ्रायडे?" गप्प राहिलात तर तुम्ही कबूल केलंत असं धरलं जातं, आणि शुक्रवारी सकाळी बोलणं खायची वेळ येते.

कामाच्या परीक्षणातही हेच. "आय थिंक यू कुड मेबी स्पीक अप मोअर इन मीटिंग्स?" हे सहज सुचवलेलं नाही. ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच मुद्द्यावर विचारणा होईल.

एवढं वाचून सगळे अमेरिकन गोड बोलून गळा कापतात असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. आपणही सासऱ्यांना "पंखा लावा" म्हणत नाही, "जरा उकडतंय नाही?" म्हणतो.

पायरी ६: आपला सूर कुठे आड येतो

आतापर्यंत ऐकण्याचं झालं. आता आपल्या बोलण्याचं. इथे एक ब्रिटनमधली गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्याच भागातून गेलेल्या बायकांची आहे.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी १९८२ मध्ये ती प्रसिद्ध केली. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या होत्या. त्या फटकळ आहेत, सहकार्य करत नाहीत, अशा तक्रारी येऊ लागल्या. त्या बोलत होत्या तरी किती? वाढताना एखादा शब्द. कुणी मांसाचा पदार्थ घेतला की त्यावर ग्रेव्ही हवी का ते विचारायचं. ब्रिटिश बाई "ग्रेव्ही?" असं सूर वर नेऊन म्हणायची, म्हणजे "वाढू का?". या बायका "ग्रेव्ही" असं सूर खाली आणून म्हणायच्या, आपल्याकडच्या रीतीने अगदी सभ्यपणे. ऐकणाऱ्याला ते "ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या" असं वाटायचं. इकडे बायकांना वाटत होतं, आपल्याशी भेदभाव होतोय. दोन्ही बाजूंना रेकॉर्डिंग ऐकवून हा फरक दाखवला तेव्हा गाठ सुटली.

जाता जाता: हेच गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावात मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी शेजारी नांदून एकमेकींसारख्या कशा होत गेल्या यावर १९७१ मध्ये लिहिलेला लेख भाषाशास्त्रात आजही वाचला जातो. सांगलीकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

तर त्या कँटीनचा धडा असा. काही ठरावीक ठिकाणी सूर वर नेलात तर काम सोपं होतं. कुणाला काही देऊ करताना: "कॉफी?", "सम वॉटर?" खाली आणलेली "कॉफी" म्हणजे कपाकडे बोट दाखवल्यासारखं. काउंटरवर नाव सांगताना: "हाय, अनघा कुलकर्णी? आय हॅव अ टेन ओक्लॉक?" इथे तुम्हाला तुमच्या नावाबद्दल शंका नाही, "तुमच्या यादीत बघा बरं सापडतंय का" एवढं तो सूर सांगतो. दुकानात मदत मागताना, रस्ता विचारताना, अनोळखी माणसाचं लक्ष वेधताना "एक्स्क्यूज मी?" वर गेलं पाहिजे. खाली आणलं तर "बाजूला व्हा" असं वाजतं.

फोन नंबर सांगण्याची तर वेगळी शिकवणीच हवी. अमेरिकन नंबर तीन, तीन, चार असा तोडून सांगतात. पहिल्या दोन तुकड्यांच्या शेवटी सूर वर, शेवटच्या तुकड्याला खाली. सूर खाली आला की ऐकणाऱ्याला कळतं, संपला. आपण पाच-पाचचे दोन तुकडे करतो आणि पहिल्याच पाचाला सूर खाली आणतो. लिहून घेणारा गडबडतो. "डबल फोर", "ट्रिपल टू" हेही इथे फारसं चालत नाही. "फोर फोर" म्हणा.

पायरी ७: कुठे वर नेऊ नका

ही लकब आपोआप जडते. जडली तर लाज वाटून घेण्याचं कारण नाही. पण तिच्याबद्दलचे पूर्वग्रह अमेरिकनांतही आहेत, विशेषतः मागच्या पिढीत, आणि ते स्त्रियांवर अधिक कडक आहेत. समाजशास्त्रज्ञ थॉमस लिनमन यांनी जेपर्डी या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेचे १०० भाग तपासून २०१३ मध्ये जे छापलं ते वाचून मी चक्रावले होते. त्या खेळात उत्तर प्रश्नाच्या रूपात द्यायचा नियम आहे, तरी सगळेच सूर वर नेत नाहीत. पुरुष जितका पुढे, तितका त्याचा सूर वर जाण्याचं प्रमाण कमी. बाई जितकी पुढे, तितकं तिचं प्रमाण जास्त! जिंकणाऱ्या बाईला आपण फार ताठ वाटू नये याची काळजी घ्यावी लागते की काय, असा तर्क त्यांनी केला.

म्हणून माझा सल्ला असा. नोकरीच्या मुलाखतीत स्वतःचं नाव, तुम्ही केलेलं काम आणि मागत असलेला पगार हे तिन्ही सूर खाली आणून सांगा. "आय लेड द टीम" याचा शेवट वर गेला तर मुलाखत घेणारा "खरंच का?" असं मनात म्हणतो. विमानतळावर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला कुठे शिकणार, कुठे राहणार हे सांगताना खाली. तातडीच्या मदतीसाठी ९११ ला फोन केलात तर पत्ता खाली, एकेक अंक स्वच्छ. कुणाला नाही म्हणायचं असेल तर तेही खालीच, वर गेलेलं "नो?" म्हणजे घासाघीस सुरू करायचं आमंत्रण.

मुलांचं वेगळं. ती शाळेतून हा सूर घरी आणतात आणि मराठीलाही लावतात: "आई, आज आमच्याकडे ना फायर ड्रिल होती? आणि आम्ही सगळे बाहेर उभे होतो?" व्हिडिओ कॉलवर आजोबा प्रत्येक वाक्याला "मला काय माहीत बाळा, मी तिथे होतो का?" असं म्हणतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत शिकवणाऱ्या ताई-दादांनी हे नक्कीच ऐकलेलं असेल. यावर मुलांना टोकू नका. कोकणातला, वऱ्हाडातला, खानदेशातला हेल मराठीला चालतो, तर हाही चालेल. आजोबांनाच सांगा, "नुसतं हं म्हणा." तेवढ्यावर नातू अर्धा तास बोलतो.

सराव कसा करायचा

मालिका नकोत, त्यात नट लिहिलेलं बोलतात. नॅशनल पब्लिक रेडिओवरच्या मुलाखती ऐका, त्याही पाहुण्याचं बोलणं, निवेदकाचं नाही. पाच मिनिटांचा तुकडा घ्या. पहिल्यांदा ऐकताना अर्थाकडे लक्ष देऊ नका, फक्त सूर वर गेला की बोट उचला. दुसऱ्यांदा ऐकताना प्रत्येक चढाला मोठ्याने "म्-हं" म्हणा. घरात कुणी नसताना करा हे. एरवीही बसमध्ये, लाँड्रीत, रांगेत उभं असताना मागच्या दोघांचं संभाषण ऐकायला काही पैसे पडत नाहीत.

आणि शेवटी व्हॉइसमेल, कारण तिथे हुंकार द्यायला कुणीच नसतं आणि भलेभले अडखळतात. आधी कागदावर चार गोष्टी लिहा: नाव, काम, नंबर, केव्हा फोन करावा. नाव सांगताना सूर हवा तर वर न्या. काम एका वाक्यात. नंबर तीन, तीन, चार, शेवट खाली, आणि मग तोच पुन्हा एकदा सावकाश. "थँक यू, बाय" म्हणा आणि फोन ठेवा. थांबून पलीकडून काही येईल याची वाट पाहू नका.